चाळीस अंश

चौथ्या पानावर ‘पाचशे पन्नास’ हा आकडा आला आणि ताईच्या हातातलं लाल पेन थबकलं. आधीच्या तीन पानांवर त्या पेनाने कसलीही दयामाया दाखवली नव्हती. शुद्धलेखनाच्या आठ चुका, एका लांबलचक वाक्याचे दोन तुकडे, आणि एका आलेखाच्या बाजूला ‘एकक कुठे गेलं, बाई?’ अशी दटावणी. आता ते आकड्याभोवती गोल काढायला खाली आलं, कागदाला टेकलं, बारीकसा लाल ठिपका उमटला, आणि मग तेच पेन पाचव्या पानावर जाऊन एका स्वल्पविरामाशी भांडत बसलं. स्वल्पविराम दुरुस्त झाला. सहावं पान झालं, सातवं झालं, शेवटचं आभाराचं पान आलं. आभारात पहिला मान तिचाच होता: ‘भट्टीपाशी उभं राहायला ज्यांनी शिकवलं त्या ताईंना.’ ताईने ते दोनदा वाचलं, त्यातली एक वेलांटी नीट केली, कागद सारखे करून टाचले, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत.

कागद शेंडेफळाचे होते. प्रयोगशाळेत सगळ्यात लहान म्हणून त्या मुलीला सगळे शेंडेफळ म्हणत आणि सगळ्यात जुनी म्हणून हिला ताई. बाकीची दोन-चार मंडळी बाटल्यांमधल्या द्रवांवर काम करणारी. भट्टीवर काम करणाऱ्या सध्या या दोघीच. मातीच्या वाटोळ्या चकत्या भाजायच्या, इतक्या बारीक छिद्रांच्या की कापड रंगवणाऱ्या कारखान्यातलं गढूळ पाणी वरून ओतलं तर खालून नितळ थेंब पडावा. तर मटेरियल सायन्स आणि केमिकल इंजिनियरिंग मिळून पीएच.डी.ची एक जागा निघाली होती. एकच. चार वर्षांची पूर्ण फेलोशिप, त्यातलं एक वर्ष परदेशी प्रयोगशाळेत, वर स्वतःचं टेबल, स्वतःचा विषय, शोधनिबंधावर पहिलं नाव स्वतःचं. चाळणी लागत लागत शेवटी दोघीच उरल्या होत्या, ताई आणि शेंडेफळ. वयाची अट पस्तिसाची. ताईचं पस्तिसावं सरायला चार महिने होते. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, तर खुशीतच होते. ‘कुणाचंही झालं तरी जागा आपल्याच घरात येणार,’ असं ते हात चोळत म्हणाले होते, आणि लगेच, ‘ताई, तिच्या सादरीकरणावर एक नजर टाका हं. तुमच्याइतकं बारीक कोण बघणार?’ म्हणजे जिच्याशी सामना, तिच्या तलवारीला धारही हिनेच लावायची. ताई ‘हो सर’ म्हणाली. नऊ वर्षांत ती दुसरं काही म्हणाली असेल तर कुणाला आठवत नव्हतं.

आता या पाचशे पन्नासची गोष्ट अशी, की तीन नंबरची भट्टी खोटं बोलायची. तिच्या छोट्या खिडकीत जो आकडा दिसे त्यापेक्षा आत चाळीस अंश जास्त ताप असे. दुरुस्त का करून घेतली नाही म्हणाल, तर त्यासाठी अर्ज, अर्जावर सही, त्या सहीवर आणखी एक सही, आणि तोवर काम बंद. त्यापेक्षा माणसांनीच चाळीस धरून चालणं सोपं. भट्टीच्या नोंदवहीत खिडकीतला आकडा लिहायचा आणि आपल्या वहीत चाळीस मिळवून खरा, अशी रीतच पडून गेली होती. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ताई त्याला भट्टीखोलीत नेई, झाकणावर हात ठेवून म्हणे, ‘ही बया चाळीस अंश लपवते. तू मिळवत जा.’ सर भट्टीखोलीत येऊन कैक वर्षं झाली होती, त्यांच्या गावीही हे नव्हतं. आणि शेंडेफळ आलं तेव्हा नेमकी ताई रजेवर. तीन आठवडे वडिलांच्या उशाशी बसून ती परत आली, तर मुलगी भट्टीशी चांगली रुळलेली. सांगितलं असेल कुणीतरी, असं ताईने धरून टाकलं. दोन महिन्यांनी सहज शेंडेफळाची वही उघडी दिसली. खरा आकडा म्हणून पाचशे पन्नास. भट्टीच्या नोंदवहीतही तोच, म्हणजे चाळीस मिळवलेलेच नाहीत. अगं बाई, सांगायचं राहिलंच की, उद्या सांगू, असं ताई त्या दिवशी मनाशी म्हणाली. ते अगदी खरं होतं. दुसऱ्या दिवशी शेंडेफळाला बरं नव्हतं, तिसऱ्या दिवशी भट्टी बंद होती, आणि चौथ्या दिवशी जागेची जाहिरात आली.

त्यानंतर मात्र विसरणं बंद झालं. रोज आठवायचं. शेंडेफळाच्या एक्स-रे आलेखात एक टोकदार शिखर होतं आणि ते ज्या स्फटिकांचं, ते स्फटिक पावणेसहाशेच्या आत जन्मालाच येत नाहीत. खाली लिहिलेलं, साडेपाचशे. निवड समितीत बाहेरून जो तज्ज्ञ येणार होता त्याचे केस याच विषयात पांढरे झालेले. तो चष्मा कपाळावर चढवून विचारणार, ‘साडेपाचशेला हे कसं आलं?’ आणि पोरगी तोंड उघडं टाकून बघत राहणार. फार तर निष्काळजी ठरेल, वाईटात वाईट म्हणजे आकडे बनवले म्हणतील. ताईने हे दृश्य इतक्या वेळा पाहिलं होतं की तज्ज्ञाचा आवाजसुद्धा तिला पाठ झाला होता. दृश्याच्या शेवटी शेंडेफळ रडत बाहेर येई आणि ताई तिला पाणी देई. पाणी देण्याचा भाग तिला विशेष आवडे, आणि तो आवडतो हे कळलं की ती उठून उगाच टेबल पुसायला लागे.

हेवा वाटत होता तिला. आडून आडून कशाला बोला, चक्क हेवा. त्या मुलीच्या हुशारीचा म्हणाल तर तेवढा नाही. हुशार पोरी ताईने पुष्कळ पाहिल्या होत्या, शिकवल्या होत्या आणि निरोपाच्या चहाला हारही घातले होते. हेवा बारीकसारीक गोष्टींचा होता. शेंडेफळ सरांच्या खोलीत न विचारता शिरायचं आणि काहीतरी बावळट शंका विचारायचं, आणि सर खुर्चीतून उठून फळ्यापाशी जायचे. ताईला सर नऊ वर्षं एकच विचारत आले होते, ‘ताई, कपाटाची किल्ली कुठाय?’ शेंडेफळ हिच्या डब्यात सरळ हात घालायचं, तोंड भरलेलं असताना बोलायचं, ‘ताई, तुमच्यासारखं मला कधी जमणार हो?’ आणि ते मनापासून असायचं, हाच तर वैताग. लबाड असती तर बरं झालं असतं. लबाड माणसाचा राग करता येतो, माणूस मोकळा होतो. ही आपली दोन्ही हात पसरून समोर उभी. आणि एकदा भट्टी थंड व्हायची वाट बघत दोघी स्टुलांवर बसल्या असताना शेंडेफळ पाय हलवत म्हणालं होतं, ‘नाही मिळाली ही जागा, तर पुढच्या वर्षी दुसरी. जागा काय, निघतच असतात.’ त्या वाक्याने ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. निघतच असतात! पंचविसाव्या वर्षी तिलाही पत्र आलं होतं, दुसऱ्या शहरातून, जाड कागदावरचं. त्याच आठवड्यात वडिलांची उजवी बाजू लुळी पडली. तिने अगदी नम्रपणे लिहिलं होतं, एक वर्ष थांबता येईल का. त्यांनी तितक्याच नम्रपणे लिहिलं होतं, नाही. मग पोटापुरतं म्हणून ही प्रयोगशाळा. एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात, सहा-सहा महिन्यांची नेमणूक, दर वेळी नवीन ओळखपत्र आणि त्यावर तोच जुना फोटो. वडील अजून पाहुण्यांना वाकड्या तोंडाने सांगत, ‘आमची मुलगी संशोधक आहे,’ आणि ती आत जाऊन चहा टाकत असे.

लाल पेन फिरवलेले कागद तिने शुक्रवारी शेंडेफळाच्या हातात दिले. मुलीने तिथल्या तिथे उभं राहून पानं उलटली, ‘बाप रे, केवढं बारीक बघितलंत!’ म्हणाली आणि चौथ्या पानावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. ‘इथे काही आहे का, ताई?’ ताईचं तोंड आपोआप बोललं, ‘छे गं, पेन टेकलं असेल.’ एवढंच. खोटं म्हणावं तर तेही पूर्ण नाही, पेन खरंच टेकलं होतं. शेंडेफळाने मान डोलावली आणि ते त्या पानाकडे अंमळ जास्तच वेळ बघत राहिलं.

शनिवारी सकाळी फोन वाजायला लागला. पडद्यावर शेंडेफळाचं नाव. ताई भाजी निवडत होती. तिने फोन उलटा ठेवला. तासाभराने पुन्हा. नवरा खिडकीशी बसून एका चष्म्याची काडी बसवत होता. चष्म्याच्या दुकानात नोकरी, आणि घरीसुद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चष्मे फुकट दुरुस्त करायची हौस. ‘घे की गं,’ तो म्हणाला. ‘त्याला काय काटे आहेत?’

‘सुट्टीच्या दिवशी पण पिच्छा सोडत नाहीत,’ ताई म्हणाली.

‘घाबरलीयेस तू. अगं, ती कालची पोर. तुझ्या नऊ वर्षांपुढे तिचा काय पाड लागणार?’

‘तिचा एक आकडा चुकलाय,’ ताई एकदम बोलून गेली. बोलल्यावर तिला वाटलं, आता हा खोदून विचारेल आणि मग सांगून टाकू, होऊ दे काय व्हायचं ते. नवऱ्याने काच उजेडासमोर धरली, एक डोळा मिटला. ‘मग सांगितलंस का तिला?’

‘सांगेन.’

‘सांगून टाक बाई. तुझा स्वभाव मला माहितीये, झोप लागायची नाही तुला.’

तो पुन्हा काडीत गुंतला. त्याचा तिच्यावर केवढा भरवसा! ताईला क्षणभर त्याचाही राग आला, की हा माणूस लग्नाला अकरा वर्षं झाली तरी कुठल्या भलत्याच बाईबरोबर राहतोय. झोपेचं म्हणाल, तर शनिवारीही तिला गाढ झोप लागली आणि रविवारीही. हेच तिला धक्कादायक वाटलं. मन खातं वगैरे म्हणतात ते कुठे गेलं? उलट एक विचित्र हुशारी आली होती, अंग हलकं झालं होतं, स्वतःचं सादरीकरण तिने तीनदा आरशासमोर म्हटलं आणि तिन्ही वेळा ते आधीपेक्षा चांगलं झालं. रविवारी दुपारपर्यंत फोन अकरा वेळा वाजला. असेल काहीतरी, कुठल्या रंगाचे कपडे घालू, आकृती कुठे टाकू. ही मुलगी काय वाट्टेल ते विचारते. उचलला आणि तिने भट्टीचंच विचारलं तर? मग सांगावं लागलं असतं. न विचारलेलं न सांगणं वेगळं, विचारलेलं न सांगणं वेगळं, असा एक बारीक हिशोब ताईने मनाशी करून ठेवला होता, आणि तो मोडायला नको म्हणून फोन वाजू दिला.

सोमवारी मुलाखतीच्या दालनाबाहेर एक लांब बाक होता, समोर पाण्याचं पिंप आणि दाराशी शिपाई. पहिला नंबर शेंडेफळाचा, मग ताईचा. ताई अर्धा तास आधीच येऊन बसली. मांडीवर फायलीत तिच्या सादरीकरणाच्या पाच प्रती, बांधणी करून आणलेल्या. शेंडेफळ आलं ते जिना पळत चढून, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, बोटांना काजळी. ताईला पाहिल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली की ताईला उठून जावंसं वाटलं.

‘ताई! अहो, कुठे होता तुम्ही? शनिवारपासून फोन करतेय. म्हटलं, वडिलांना पुन्हा काही झालं की काय.’

‘फोन बिघडला होता,’ ताई म्हणाली.

‘ऐका ना, वेळ नाहीये.’ शेंडेफळ तिच्या शेजारी अगदी खेटून बसलं आणि आवाज खाली आणला. ‘आपली तीन नंबरची भट्टी चुकीचं दाखवते. चाळीस अंश. खिडकीत सहाशे वीस होते आणि मी ठेवलेली अ‍ॅल्युमिनियमची तार वितळून तिचा थेंब झाला. सहाशे साठला वितळायला हवी. तीनदा केलं, ताई. शनिवारी दोनदा, काल एकदा. ते चौथं पान मी पुन्हा बघत बसले ना, तर ते शिखर मला पटेचना. माझे आकडे मी बदलले, काल छापूनही आणलं. पण मग मला घामच फुटला. म्हटलं, ताई नऊ वर्षं त्याच भट्टीवर. ताईंचे सगळेच आकडे चुकले असणार, आणि आत तो तज्ज्ञ बसलाय, तो सोडणार आहे का? मी सरांना पण बोलले नाही. म्हटलं, आधी ताईंना सांगायचं, नाहीतर असं दिसेल की मी तुमच्या चुका काढत फिरतेय.’

ऐकताना ताईचं सगळं लक्ष त्या मुलीच्या बोटांवरच्या काजळीकडे होतं. दोन दिवस. सुट्टीचे दोन दिवस ही भट्टीपाशी उभी होती, आणि त्यातला अर्धा वेळ ताईसाठी घाबरत होती.

‘बघू, द्या इकडे,’ शेंडेफळ पेन काढत म्हणालं. ‘कुठल्या पानावर आहे? पाच प्रती ना? दोन मिनिटांत करून टाकू, हाताने लिहिलेलं चालतं.’

‘राहू दे गं,’ ताई म्हणाली, आणि फायलीवर हात ठेवायला तिला जरा उशीर झाला. वरची प्रत शेंडेफळाच्या हातात गेली होती. तिने भराभर पानं उलटली. तिसऱ्या पानावर तापमानांचा तक्ता होता, पाचशे नव्वद, सहाशे दहा, सहाशे चाळीस, आणि तक्त्याखाली बारीक टाइपात तळटीप: ‘तीन नंबरच्या भट्टीचा दर्शक चाळीस अंश कमी दाखवतो, वरील आकडे त्याप्रमाणे दुरुस्त केलेले आहेत.’ ताई काय, कामाला चोख. शेंडेफळाने ती ओळ वाचली. बहुतेक दोनदा वाचली, कारण तिची नजर डावीकडे परत गेलेली ताईला दिसली. मग तिने प्रत मिटली, कोपरे जुळवले आणि फायलीत होती तशी ठेवली.

‘तुमचं बरोबरच आहे, ताई,’ ती म्हणाली. ‘काही बदलायला नको.’

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसतंच एक थकलेलं वाक्य. ताईला म्हणायचं होतं, अगं, सांगायचं राहूनच गेलं. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात शिपायाने दार उघडलं आणि शेंडेफळ बोटं रुमालाला पुसत आत गेलं.

दार नीट लागत नव्हतं. आतलं सगळं ऐकू येत होतं. तज्ज्ञाने शिखराबद्दल विचारलं. ताईला पाठ होता त्या आवाजापेक्षा हा आवाज कितीतरी मऊ निघाला. शेंडेफळाने तार सांगितली, थेंब सांगितला, तीनदा केलं ते सांगितलं. ‘वा!’ कुणीतरी म्हणालं. मग तज्ज्ञ म्हणाला, ‘पण तुमच्या प्रयोगशाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं?’ ताईने बाकाची कड धरली. ‘मला कुणी सांगितलं नव्हतं, सर,’ शेंडेफळ म्हणालं. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी भीतीच्या आधी ताईला तो ‘वा’ टोचला. नऊ वर्षांत तिच्या वाट्याला असा एक ‘वा’ आला नव्हता. हे सगळं आपल्यावर शेकणार असं दिसत असताना आपण त्या एका अक्षराचा हेवा करतोय, हे कळून तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी हेवा काही कमी होईना.

शिपाई प्रती मागायला आला. तळटिपेचं पान फाडता आलं असतं. बांधणी साधीच होती आणि शिपाई दुसरीकडे बघत होता. पण ते पान फाडलं तर तक्ता जाणार, आणि तक्ता गेला तर नऊ वर्षांचं काम जाणार. ताईने पाचही प्रती देऊन टाकल्या. शेंडेफळ दुसऱ्या दाराने बाहेर पडलं असावं, ते दिसलं नाही.

आत समितीत सरही होते, उजव्या टोकाला बसलेले. नेहमीसारखे हसले. ताईचं सादरीकरण चांगलं झालं. आरशासमोर झालं होतं तितकंच चांगलं. संपल्यावर तज्ज्ञाने तिसरं पान उघडलं, चष्मा कपाळावर चढवला. ‘तळटीप वाचली. आत्ताच त्या मुलीनेही हेच सांगितलं. तुम्हाला किती दिवसांपासून माहीत आहे?’

‘आठ वर्षं झाली असतील.’

‘छान. तुम्ही चाळीस कसे मोजलेत?’

ताई उत्तर द्यायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर नाही. पहिल्याच वर्षी भट्टी बंद पडली होती, दुरुस्तीला एक मिस्त्री आला होता, आणि निघताना पान्याला फडकं गुंडाळता गुंडाळता म्हणाला होता, बाई, हिच्यात चाळीसाचा फरक आहे बरं का, धरून चाला. ती धरून चालली. पोरापोरींना सांगितलं, तळटिपेत छापलं, या मुलीपासून दडवून ठेवलं. एक तारेचा तुकडा आत टाकून बघावं, हे तिला आठ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

‘मोजले नाहीत,’ ती म्हणाली. ‘भट्टी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं.’

तज्ज्ञाने काहीतरी टिपून घेतलं. सर आता हसत नव्हते. ते तिच्याकडे बघतही नव्हते. समोरच्या पानाकडे बघत होते, आणि किल्ली मागताना असतो तसल्याच साध्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘मग तिला का नाही सांगितलंत, ताई?’

राहून गेलं, असं म्हणता आलं असतं. सरांना ते हवंही होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की एवढं म्हणाली तर ते पान उलटतील आणि नऊ वर्षांच्या ओळखीखातर पुढचा प्रश्न विचारतील. ताईचे कान तापले होते. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

‘जागा एकच आहे ना, सर,’ ती म्हणाली. ‘मला हवी होती.’